आईचा डावा खांदा

९ मार्च १९३१, सोमवार

ही वही कोणी वाचेल असं वाटत न्हाय, तरी वाचलीच तर आधीच सांगून ठेवतो. माझं शुद्धलेखन वाईट हाय. ऱ्हस्व दीर्घ मला कधी जमलं न्हाय. आणि लिहायला वेळ लय लागतो. एवढ्या दोन ओळी लिहीपर्यंत आयचे अर्धा सूप तांदूळ निवडून झाले. त्याची माफी असावी.

मी मोरू बाबाजी गुरव. वय पंधरा. चौथीत शाळा सोडली. अभ्यास येत होता, पण उभं राहून म्हणून दाखवायला लागायचं, आणि चार लोकं बघायला लागली की माझा आवाज आत जातो. मास्तरांनीच जाताना ही वही दिली. म्हणाले, बोलता येत न्हाय तर लिहीत जा. तीन वर्षं ती फळीवर पडून होती.

आता काढली कारण बाचं अर्धं अंग गेलं. पौषात झालं. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू. एखाददुसरा शब्द येतो, तो पण ओला. म्हणून काळकाई देवीची पूजा माझ्याकडं आली. देऊळ म्हणजे चार खांब आणि वर गवत. आत ती, तिला सगळे आईच म्हणतात. आई म्हणजे मूर्ती न्हाय, माझ्या कमरेएवढा काळा दगड हाय, दोन्हीकडं बाईच्या खांद्यासारखा उतरता. देवळाभोवती आईची रहाट, म्हणजे तिच्या नावानं राखलेलं रान. तिथली काटकी पण कोणी घरी नेत न्हाय. पडलेलं झाड पडल्या जागी कुजतं. वहाणा बाहेर काढून आत जायचं.

१२ मार्च

देवळामागं मोठा बेहडा हाय. त्याच्या ढोलीत गरुडाची मादी बसली हाय. हे गरुड म्हणजे चोचीवर शिंग असलेलं मोठं पाखरू. उडताना पंखांचा आवाज दळण दळल्यासारखा येतो. मादी आत गेली की ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त चोच निघेल एवढी फट ठेवते. अंडी, पिल्लं, सगळं आत. तोवर नर आणून भरवतो.

आज सकाळपासून दुपारपर्यंत नर अकरा वेळा आला. दर वेळी उंबरं. घशातून एक एक काढून देतो. एकदा सरडा होता.

१८ मार्च, बुधवार

आज कोंडाजीकाका आणि दिघी बंदरावरचे करमअली शेठ रहाट बघायला आले. काका आमच्या गावचे मानकरी. शेठचा लाकडाचा आणि कोळशाचा धंदा हाय, पडावानं, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीनं, माल मुंबईला जातो. बरोबर काकांचा मुलगा धर्मादादा होता. मी देवळात फुलं लावत होतो, तो खांबामागं गेलो.

शेठनी कोणी न सांगता चपला काढल्या. वर बघत बघत सगळं रान फिरले. मग म्हणाले, “कोंडाजी, माल अस्सल हाय. पन हे तुमच्या देवीचं. तिची इजाजत आल्याबिगर मी हात लावायचा न्हाय.”

काका म्हणाले, “ती आमी घेऊ. रस्त्याचं ठरलं ना?”

“माझ्या गाड्या काय हवेतनं जातील? घाट फोडून बोर्लीपातूर रस्ता मी करतो. माझा माल संपला की रस्ता तुमचा.”

धर्मादादानं मला बघितलं. “अरे, खांबाला मिशा फुटल्या. मोरू, बाहेर ये की, शेठ मानसं खात न्हाईत.”

मी बाहेर आलो. शेठनी विचारलं, “पुजारी हाच?” काका म्हणाले, “व्हय. ह्येचा बाप पडलाय.”

१९ मार्च

रस्ता का हवा ते लिहून ठेवायला पाहिजे. गेल्या श्रावणात धर्मादादाची बायको काशीवहिनी बाळंतपणात अडली. दोन रात्री झाल्या तेव्हा तिला डोलीत घालून बोर्लीच्या डॉक्टरकडं नेत होते. घाटात पाय घसरत होते. ती घाटातच गेली. बोर्लीचा बाजार इथून साडेतीन कोस, पण बैलगाडी जात न्हाय.

तेव्हापासून धर्मादादा चेष्टा जास्त करतो.

२२ मार्च, रविवार

गावकी बसली. देवीला कौल लावायचं ठरलं. ७ एप्रिल, मंगळवार. आमच्यावर राज्य संस्थानाचं, त्यांचा माणूस आला होता, तो म्हणाला, गावाचं आणि देवीचं एक असेल तर आमची हरकत न्हाय.

कौल असा लावतात. चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून आईच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या. मानकऱ्यानं प्रश्न विचारायचा. उजव्या खांद्याची आधी पडली तर होय. डाव्याची पडली तर न्हाय. पाकळी फक्त गुरवानं लावायची.

आजपर्यंतचे सगळे कौल बानं लावले. कोंडाजीकाकांचं आणि त्यांच्या भावाचं शेताच्या बांधावरून भांडण होतं, तेव्हा पण बानंच लावला होता. काकांच्या बाजूनं पडला. भाऊ गाव सोडून मुंबईला गिरणीत गेला. काका अजून सांगतात, माझा बांध आईनं दिलाय म्हणून.

आता लावणार मी. सगळं गाव बघत असणार.

३० मार्च

नर आज चौदा वेळा. आतून बारीक आवाज येतो असं नलूचं म्हणणं हाय. नलू माझी बहीण, नऊ वर्षांची. मला काय आला न्हाय. ती म्हणाली, “तुझे कान पन लाजतात.”

५ एप्रिल, रविवार

मला जे वाटतं ते इथं लिहितो. मला कौल ‘न्हाय’ आलेला हवा. रहाट तुटू नये असं मला इतकं वाटतं की दुसरं काही सुचत न्हाय. बेहडा पडला तर मादी आत हाय. तिची पिसं झडलेली असतात, ती उडू पण शकत न्हाय. वड, उंबर, शेकरांची घरटी, झऱ्याजवळची ती वेल, माझ्या मांडीएवढी जाड. शाळेतनं पळून मी तिथंच बसायचो.

पण काशीवहिनी पण खरी होती. तिनं मला एकदा फणसाचे गरे दिले होते, आणि काय बोल म्हणून मागं लागली न्हाय.

आयला विचारलं, कौल लावताना काय काळजी घ्यायची. आय म्हणाली, “लावनाऱ्याचं मन साफ पायजे. आपलं म्हननं त्यात मिसळायचं न्हाय. मिसळलं तर त्यो देवीचा कौल न्हाय, तुजा झाला.”

माझं तर मिसळलेलंच हाय.

६ एप्रिल, सोमवार

कौलाच्या आदल्या संध्याकाळी बा नेहमी आईची खास सेवा करायचा. मी लहान असताना बरोबर जायचो. बा खोबरेल तेल घेऊन आईच्या खांद्याला हळूहळू जिरवायचा. बहुतेक वेळा डाव्या. मी विचारलं तर म्हणाला होता, “आईचा डावा खांदा दुखतो रं. सगळा डोंगर तिनं त्याच खांद्यावर घेतलाय.” कधी कधी उजवा पण दुखायचा. हे कोणाला सांगू नको म्हणाला, देवाचं दुखणं चारचौघांत बोलत न्हाईत.

आज मी लय विचार केला. उद्या आईला माझ्या मनासारखं मागायचं आणि आज तिचा खांदा चोळून द्यायचा, म्हणजे लाच दिल्यासारखं होतं. म्हणून तेल लावलं न्हाय. उलट रिठ्याच्या पाण्यानं आईला सगळी धुतली, मग राखेनं, मग परत पाण्यानं. दोन्ही खांदे सारखे कोरडे पुसले. जुनं तेल पण सगळं निघालं. दगड इतका साफ मी कधी बघितला न्हाय.

घरी येऊन बाला सांगितलं. बानं डावा हात उचलून आपल्याच डाव्या खांद्यावर मारला. परत परत. मला वाटलं शाबास म्हणतोय.

७ एप्रिल, मंगळवार

कौल झाला. होय आला.

सकाळी सगळं गाव होतं. पाकळ्या नीट लागल्या. कोंडाजीकाकांनी विचारलं, “आई, तुझी रहाट रस्त्यासाठी द्यावी काय? द्यायची तर उजवा दे, न्हाय तर डावा दे.” दोन्ही पाकळ्या लय वेळ चिकटून होत्या. मी श्वास धरला होता, माझ्या श्वासानं काही हलू नये म्हणून. मग उजवी सुटली आणि खाली आली.

काका म्हणाले, “आईचं भलं होवो.” धर्मादादा देवळाबाहेर जाऊन उकिडवा बसला.

मन साफ ठेवलं होतं. तरी असं झालं. म्हणजे हेच आईचं म्हणणं असणार.

८ एप्रिल

बाला सांगितलं तर तो रडला. तोंडातून एकच शब्द येतो, तेल. आणि डावा खांदा दाखवतो. आयनं तेल कोमट करून त्याचा डावा खांदा चोळून दिला. त्यानं वाटी उडवून लावली. नलू म्हणाली, “दुखनं उजव्या अंगात न् तेल डाव्याला, म्हनून रागावला.” मग आयनं उजवा चोळला. तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

११ एप्रिल

शेठचे लोक चुना घेऊन आले. तोडायच्या झाडांना बोटभर रेघ मारतात. बेहड्याला पण मारली. नर दूरच्या फांदीवर बसून होता, लोक जाईपर्यंत खाली आला न्हाय.

एक नियम राहिला हाय. पहिली कुऱ्हाड पडायच्या दिवशी गुरवानं परत एकदा पाकळ्या लावून आईला ‘सुरू करू काय’ असं विचारायचं असतं. काका म्हणाले, ते आपलं रीतीपुरतं. तोड २८ तारखेला.

१६ एप्रिल, गुरुवार

आज मी बोललो. लिहून ठेवतो कारण असं परत होईल की न्हाय ठाऊक न्हाय.

शेठ एकटेच झऱ्याजवळ होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी वाट बघितली, घाई केली न्हाय. मी म्हणालो, “त्या बेहड्यात पाखरू कोंडलेलं हाय.” आणि सगळं सांगितलं.

शेठ वर बघत राहिले. त्या वेळीच नर आला आणि भरवायला लागला. शेठ म्हणाले, “या खुदा. बायको घरात न् हा बाजार करतोय. माझ्या घरी उलटं हाय, जहुरा मलाच कोंडून ठेवील.” मग म्हणाले, “ते झाड शेवटी. पिल्लं उडेस्तोवर त्याला कुऱ्हाड न्हाय. जबान दिली.”

मी लय खूश झालो. घरी येताना लक्षात आलं की वड आणि उंबर तर आधी जाणार. मग नर आणणार कुठून?

परत जाऊन सांगायला पाहिजे होतं. न्हाय जमलं.

२६ एप्रिल, रविवार

बाचं नवीन चाललंय. देवळाकडं बोट दाखवतो आणि उठायला बघतो. दोनदा पडला. आयनं विचारलं, तोडीच्या दिवशी आईला बघायचं हाय काय. त्यानं मान हलवली.

गावात डोली एकच हाय, कोंडाजीकाकांच्या पडवीत टांगलेली. श्रावणापासून कोणी काढली न्हाय. ती मागायला मला जायला लागलं. धर्मादादानं दारातच विचारलं, “कुनासाठी?” मी सांगितलं. तो आत गेला, डोली काढली, तिच्यावरची जळमटं पुसली. म्हणाला, “पुढचा खांदा मी देतो. तुज्यासारख्या काडीनं बाबाजीकाका हलायचा न्हाय.”

२८ एप्रिल, मंगळवार

झालं ते सगळं लिहितो.

शेठचे बारा लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन बाहेर बसले होते, शेठ पण तिथंच होते. डोली देवळात ठेवली. धर्मादादानं दांडा खांद्यावरनं उतरवला न् लगेच बाजूला झाला, डोलीकडं बघितलं न्हाय.

बानं आयला खूण केली. आयनं पदराखालून तेलाची वाटी काढली. मला ठाऊक न्हवतं तिनं आणली हाय ते. बा डोलीतनं सरकत आईपाशी गेला आणि डाव्या हातानं आईच्या डाव्या खांद्याला तेल जिरवायला लागला. लय वेळ. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. बायका हळहळल्या. कोणीतरी म्हणालं, “एवढा पडला तरी सेवा सोडली न्हाय.” मला लाज वाटली. मी आईचा खांदा दुखता ठेवला होता, आणि बानं एवढ्यासाठी इतकी वाट बघितली.

मग मी पाकळ्या लावल्या. काकांनी विचारलं, “आई, सुरू करू काय?” त्यांचं बोलणं संपायच्या आत डावी पाकळी घसरून खाली आली.

काका म्हणाले, परत लाव. परत डावी. तिसऱ्यांदा पण डावी. उजवी जागची हलली न्हाय.

बाहेरून शेठनी विचारलं काय झालं. कोणीतरी सांगितलं. शेठनी वर रानाकडं बघितलं. मग म्हणाले, “एकदा हो, तीनदा न्हाय. कोंडाजी, अशा मालात मी हात घालत न्हाय. माझे पडाव दर्यात चालतात.” लाकूडतोड्यांना म्हणाले, “चला रे, उचला.”

काका आईच्या पाया पडायला पुढं आले. उठताना आधाराला त्यांनी आईच्या डाव्या खांद्याला हात लावला. मग हाताकडं बघितलं. अंगठ्यानं बोटं चोळली. बा त्यांच्याकडंच बघत होता.

धर्मादादानं विचारलं, “काय झालं, आबा?”

काकांनी बोटं धोतराला पुसली आणि म्हणाले, “काय न्हाय. आईचा खांदा दुखतोय.”

मग बाजवळ खाली बसून हळू म्हणाले, एवढं हळू की मीच ऐकलं, “बाबाजी, माज्या बांधाच्या येळंला पन दुखत व्हता काय रं?”

बानं मान खाली घातली. बोलता येत न्हाय त्याला, तरी काका उत्तराची वाट बघत तसेच बसले होते. मग उठून बाहेर गेले आणि गावकीला म्हणाले, “आईनं सांगितलं. इषय संपला. या रानाचा कौल परत कुनी मागायचा न्हाय.”

आईच्या दुखण्याचं काकांना कसं ठाऊक, ते मला कळलं न्हाय. बानं फक्त मलाच सांगितलंय असं मला वाटायचं. बांधाचा आणि त्याचा काय संबंध ते पण कळलं न्हाय.

३ मे, रविवार

कोंडाजीकाकांनी मुंबईला भावाला पत्र लिहून घेतलं. माझ्याकडनंच. ‘एकदा येऊन जा, बांधाचं बोलू’, एवढंच. मी विचारलं, आणखी काय लिहू. म्हणाले, एवढंच लिवायला मला बारा वर्सं लागली.

बा आता शांत झोपतो. तेल मागत न्हाय.

९ मे, शनिवार

धर्मादादा देवळात येत न्हाय. पहार आणि घमेलं घेऊन एकटाच घाटात जातो आणि खडक फोडतो. गाव म्हणतं डोकं फिरलं. मी आज दुपारची पूजा झाल्यावर गेलो.

“तू कशाला आलास?” तो म्हणाला. “देवीला इचारून आलास काय?”

मी न्हाय म्हणालो.

“मंग पळ. ती रागावंल.”

मी घमेलं उचललं आणि फुटलेले दगड दरीच्या कडेला नेऊन टाकायला लागलो. संध्याकाळपर्यंत तो फोडत होता, मी टाकत होतो. दहा हात जागा झाली असेल. जाताना तो म्हणाला, “अशा चालीनं बोर्लीला पोचायला तुज्या नातवाला मिशा येतील.” थोडं पुढं जाऊन म्हणाला, “उद्या येताना पानी आन.”

१७ मे, रविवार

आता घाटात सात जण असतात. करमअली शेठनी दोन पहारी आणि एक मोठा घण पाठवून दिला. निरोप असा की माझ्याकडं गंजत होता.

धर्मादादानं विचारलं, तुला रान तुटायला नको होतं ना. मी होय म्हणालो. तो म्हणाला, “मला ठाऊक हाय. चेहऱ्यावर दिसत व्हतं.” मग घण मारायला लागला. मला त्याला सांगायचं होतं की पहिल्या कौलाला मी मन साफ ठेवलं होतं, दगड धुतला होता, तेल पण लावलं न्हवतं. पण घणाच्या आवाजात बोलणं ऐकू जात न्हाय.

२७ मे, बुधवार

सकाळी बेहड्याखाली लिंपणाचे तुकडे पडले होते. मी झऱ्यापाशी बसलो. ऊन वर आल्यावर मादी ढोलीतून डोकं काढून बाहेर आली. पिसं चुरगळलेली. फांदीवर बसून तिनं पंख उघडून बघितले, एक मग दुसरा. मग तिच्यामागून एक पिल्लू आलं. चोचीवर शिंग अजून न्हाय. नर समोरच्या वडावर होता. उंबर घेऊन आला आणि आधी कोणाला द्यायचं ते त्याला कळेना.

बाला डोलीत घालून दाखवायला न्यायचं ठरवलंय. धर्मादादाला विचारलं, तो येतो म्हणाला. काशीवहिनी असती तर ती पण

आत्ताच नलू ओरडत आली. शेजारच्या दादूकाकांची म्हैस व्याली. रेडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका हाय. आय खरवसासाठी तांब्या शोधतेय.